भोईटे काकांची संध्याकाळची गोळी

"ही गोळी मी आज भरणार नाही," मी म्हटलं.

निकने मास्कच्या वर उरलेले दोन डोळे माझ्यावर रोखले. निक माझा बॉस. पेंडल हिल स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आमची फार्मसी आहे. ती त्याच्या वडिलांनी काढली, त्याने वाढवली आणि मी चालवते. यातलं तिसरं वाक्य त्याच्यासमोर कोणी बोलत नाही. निक ग्रीक आहे, बोलतो इंग्रजीत. मी आपलं मराठीत सांगते.

"स्मिता, स्क्रिप्ट डॉक्टरची आहे. पेशंटचा मुलगा दुपारी पॅक न्यायला येतोय. तू फार्मसिस्ट आहेस, हायकोर्ट नाहीस."

"दुपारपर्यंत तरी वेळ दे मला."

"बाहेर बघ."

बाहेर रांग होती. सिडनीचा तो लांबलेला लॉकडाऊन, आणि त्यात आमचा भाग सरकारचा विशेष लाडका, म्हणून आम्हाला रात्रीचा कर्फ्यूही होता. दुकानात एका वेळी मोजकीच माणसं घ्यायची. त्यामुळे आमची रांग पॅरामॅटापर्यंत जाऊन, तिथे चहा पिऊन परत यायची. त्या दिवसांत मी एवढं सॅनिटायझर विकलं की वॉरगंबा धरणाचे दरवाजे उघडावे लागले असते. लसी इतक्या टोचल्या की घरी भरली वांगी करायला बसले तरी हातातल्या वांग्याला विचारायचे, डावा दंड की उजवा?

निकला मात्र हसू येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. कारण हातातली स्क्रिप्ट, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, भोईटे काकांची होती.

पॅक म्हणजे काय ते आधी सांगते. ज्या पेशंटला दिवसातून बऱ्याच गोळ्या असतात, त्याच्या आठवडाभराच्या गोळ्या आम्ही एका पुठ्ठ्याच्या कार्डात लावून देतो. वार आडवे, वेळा उभ्या: सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. प्रत्येक खणावर प्लास्टिकचा फुगा. तो दाबायचा, खणातल्या सगळ्या गोळ्या तळहातावर घ्यायच्या, संपलं. डोकं चालवावं लागत नाही. ज्यांचं डोकं चालेनासं झालंय त्यांच्यासाठी तर हे वरदानच. फुगा दाबलेला दिसला की घरचे निर्धास्त होतात.

काकांच्या पॅकमध्ये ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल आणि साखर अशा नेहमीच्या गोळ्या होत्या. नव्या स्क्रिप्टवर होती रात्री शांत ठेवणारी गोळी. म्हातारं माणूस भ्रमात घराबाहेर पडायला लागलं, कोणाच्या अंगावर धावून जायला लागलं, की कधीकधी ही द्यावी लागते. तिने त्रास थांबतो. माणूसही जरासा थांबतो. बोलणं जड होतं, पाय अडखळतात, पडण्याची भीती वाढते. गरज असते तिथे ती हवीच. मी स्वतः किती पॅकमध्ये भरली असेल, सांगता येणार नाही. पण भोईटे काकांच्या खणात ती टाकायला हात होत नव्हता.

काका कराडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कधी आली, कधी सुटली, का उशीर झाला, हे ज्याला आयुष्यभर कळावं लागतं तो माणूस. काकू गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं. लॉकडाऊनच्या आधी पॅक न्यायला स्वतः चालत यायचे. आमची रांग बघून एकदा मला म्हणाले होते, "स्मिता, तुमच्या मालकाला सांग, ज्यांना फक्त पार्सल उचलायचंय त्यांना वेगळ्या खिडकीवर घे. लांब पल्ल्याची आणि शटल एका फलाटावर लावायची नाही." मी निकला सांगितलं. निकने केलं. दुकान उघडल्यापासून एवढा शहाणा सल्ला आम्हाला कन्सल्टंटनेही दिला नव्हता. हा माणूस वर्षभरात एवढा कसा हरवेल?

हरवतातही माणसं वर्षभरात. ते मला माहीत होतं. म्हणून तर वेळ मागितला.

दुपारी निलेश आला, काकांचा मुलगा. मी त्याला दुकानाच्या मागच्या दाराशी घेतलं. घरून काम करून करून त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"पॅक तयार नाही? स्मिता, प्लीज यार. मला मीटिंग आहे."

"आधी सांग, झालं काय."

त्याने सांगितलं ते असं. त्यांच्या घराच्या मागे अंगणात ग्रॅनी फ्लॅट आहे, एक खोली आणि बाथरूम. काका तिथे राहतात. निलेशची बायको रूपाली हॉस्पिटलच्या किचनमध्ये सुपरवायझर. रोज हॉस्पिटलमधून येणार, म्हणून काकांना संसर्ग नको या भीतीने दोघांनी ठरवलं की काकांच्या खोलीत जायचंच नाही. डबा दारात ठेवायचा, दार वाजवायचं, मागे सरायचं. दिवेलागणीला निलेश फोन करायचा. बाबा, गोळ्या घेतल्या? घेतल्या. जेवलात? जेवलो. सकाळी दारात धुतलेले डबे.

"आणि मग?"

"मग एकदा रात्री अंगणात सापडले. घामाने भिजलेले. मला ओळखलं नाही. मला म्हणाले, चिटणीस आला का ड्युटीवर? स्टँडवरचा कोणीतरी असणार. पुढच्या महिन्यात शेजारच्या गेटशी. आणि गेल्या महिन्यात तर रोडवरच्या बस स्टॉपवर. कर्फ्यूमध्ये. बस उभी, आणि बाबा दारात उभे राहून ड्रायव्हरला मराठीत झापतायत की सातारा गाडीला एवढा उशीर का. त्या माणसाने पोलीस बोलावले. पोलीस चांगले होते गं. पण त्यांनी विचारलं, यांची केअर कोण घेतं?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"घरी आणल्यावर काय केलंत?"

"थरथरत होते. साखर घालून चहा दिला, बिस्किटं दिली. तासाभराने एकदम नॉर्मल. काहीच आठवत नव्हतं."

मी कान टवकारले. डायबेटिसचा पेशंट, घाम, थरथर, भ्रम, आणि गोड पोटात गेल्यावर सुधारणा. हे स्मृतिभ्रंशाचं कमी आणि साखर उतरल्याचं जास्त वाटतं. मेंदूला साखर कमी पडली की माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो. हे फार्मसीच्या पोरांना पहिल्या वर्षाला शिकवतात. मी तर इथे शिकायला होते तेव्हा हॉस्टेलच्या जेवणामुळे रोज त्याचं प्रात्यक्षिक द्यायचे.

"साखर मोजलीत?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रत्येक वेळी मोजली. कमी नाही गं, वाढलेली होती. चांगलीच. म्हणून तर मध्यंतरी डॉक्टरांनी संध्याकाळचा डोस वाढवला."

माझी हवा गेली. चहा-बिस्किटाने तेवढी साखर वाढून सकाळपर्यंत टिकत नाही. मग मला दुसरी शंका आली, आणि ती आमच्या लोकांच्या बाबतीत नेहमी खरी ठरते: इंडियातून आणलेली गोळी आणि इथली गोळी, नाव वेगळं, औषध एकच. म्हातारी माणसं दोन्ही घेतात.

"घरात इंडियाची औषधं आहेत?"

"नसावीत. स्मिता, ऐक ना." त्याचा आवाज खाली गेला. "मी एका होममध्ये, वृद्धाश्रमात, नाव दिलंय. ब्लॅकटाउनच्या बाजूला. एखादा बेड रिकामा झाला की कळवणार आहेत. रूपाली संध्याकाळी घरी नसते, मी कॉलवर असतो. उद्या ते रेल्वे लाइनवर गेले तर?"

त्या दिवसांत होममध्ये जाणं म्हणजे काय, हे तो बोलला नाही आणि मीही नाही. भेटी बंद होत्या. काचेबाहेर उभं राहून हात हलवायचा, तोही नशीब असेल तर. कराडहून आलेल्या, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणाऱ्या माणसाने तिथे भ्रमात सातारा गाडीबद्दल विचारलं, तर त्याला उत्तर कोण देणार?

"काकांना माहीत आहे?"

"त्यांना विचारूनच दिलं. हो म्हणाले. वादसुद्धा घातला नाही. त्याचंच वाईट वाटतं."

मी डॉक्टरांना फोन लावला. डॉ. फर्नांडो, श्रीलंकेच्या, आमच्या भागातले निम्मे म्हातारे त्यांच्याकडे. तेव्हा सगळं फोनवरच चालायचं, त्यांनीही काकांना बरेच दिवस समोर पाहिलं नव्हतं. चहाचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "सकाळचे आकडे तुझ्या शंकेशी जुळत नाहीत. पण चहाची गोष्ट मला आवडत नाही. नवीन गोळी दोन दिवस थांबव. तू जाऊन त्यांच्या खोलीत काय काय आहे ते बघून ये, आणि मला तिथून फोन कर."

निकला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आता काउंटरवर मी?"

"दुकान तुझंच आहे ना?"

"कधीकधी शंका येते," निक म्हणाला आणि ग्लव्ह्ज घालायला लागला.

ग्रॅनी फ्लॅटचं दार काकांनी उघडलं. मी अंगणातच उभी राहिले, मास्क, त्यावर प्लास्टिकचं शील्ड. चंद्रावर उतरलेल्या माणसापेक्षा माझ्या अंगावर जास्त सामान होतं. तरी काकांनी लगेच ओळखलं.

"ये स्मिता. खुर्ची बाहेर घे. मालक सोडतो का तुला एवढ्या गर्दीत?"

मी त्यांना टेबलावर सगळी औषधं मांडायला सांगितली. त्यांनी मांडली. इंडियाची एकही गोळी नाही. काढा नाही, चूर्ण नाही, शेजाऱ्याने दिलेलं काही नाही. जुने पॅक दाखवले. एकही फुगा चुकलेला नाही. मी वार विचारला, पंतप्रधान विचारले, शंभरातून सात वजा करत यायला सांगितलं. काका खाली खाली उतरत गेले, शेवटी मीच चुकले. मग त्यांनी मला कराड स्टँडच्या सकाळच्या गाड्या वेळेसकट ऐकवल्या. त्यातल्या खऱ्या किती ते देव जाणे, पण माणूस अडखळला नाही.

"काका, त्या रात्री काय झालं?"

ते टेबलावरची औषधं पुन्हा एका रांगेत लावायला लागले.

"तेच तर आठवत नाही गं. स्टॉपवर कसा गेलो, काय बोललो. पोलिसाच्या गाडीत बसल्याचं आठवतं. निलेशचं तोंड आठवतं." मग म्हणाले, "माझ्या बापाचं असंच झालं होतं. शेवटी आईला ओळखेना. म्हणून निलेशला म्हटलं, दे बाबा नाव. त्या रूपालीला मध्यरात्रीपर्यंत हॉस्पिटलच्या लोकांची ताटं, आणि घरी येऊन माझा पहारा. होममध्ये निदान दाराला कुलूप असतं."

हे त्यांनी गाडी रद्द झाल्याची घोषणा करावी इतक्या सरळ आवाजात सांगितलं.

तेवढ्यात टेबलावरचा टॅब वाजला. व्हिडिओ कॉल, कराडहून काकांच्या बहिणीचा. काकांनी बंद करायला हात नेला आणि घाईत कॉल उचलला गेला. स्क्रीनवर अर्धं कपाळ आणि वर पंखा.

"दादा, ऐकू येतंय का? उद्या संकष्टी हाय. ध्यानात हाय न्हवं?"

"आक्का, मग बोलू. माणसं आलीत."

"कसली माणसं? तिकडं बंदी हाय ना?"

"औषधवाल्या बाई आहेत."

"नमस्कार हो बाई. त्याच्या गोळ्या तेवढ्या नीट द्या. दादा, मी मोदकाचं पीठ आणून ठेवलंय. चंद्र दिसला की लावते फोन. तवर काय तोंडात घालू नको, मागल्या खेपेला निलेशनं चहा पाजला तुला."

काकांनी माझी नजर चुकवली.

मी उठून दाराजवळ गेले. "आक्का, नमस्कार. उपास तुम्ही दोघं एकाच वेळी सोडता?"

"हो मग."

"कुठल्या चंद्राला?"

"कुठल्या म्हंजे? चंद्र काय चार असत्यात व्हय?"

तिथे माझ्या डोक्यात लख्ख झालं. कराडला आक्का गच्चीवर जाऊन चंद्र बघणार, तेव्हा सिडनीत मध्यरात्र कधीच उलटून गेलेली असणार. इथला चंद्र तोवर डोक्यावर आलेला. आणि काका आदल्या रात्रीपासून उपाशी.

मी फोन बंद करायला लावला आणि विचारलं, "काका, उपासाच्या दिवशी गोळ्या घेता?"

"घेतो की. औषधाला उपास नसतो."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. माझी आई म्हणते, माझी सासू म्हणते. आमच्याकडे उपासाला मीठ कुठलं चालतं यावर भांडणं होतील, पण औषध चालतं यावर सगळ्यांचं एकमत. आणि ते बहुतेक औषधांच्या बाबतीत खपूनही जातं. पण काकांची साखरेची गोळी निराळी. ती पोटात पडली की शरीराला साखर उतरवायला लावते. जेवण आलंय की नाही हे ती विचारत नाही. सकाळी घेतली, पोटात काही नाही. संध्याकाळी, वाढवलेला डोस, पोटात काही नाही. काका साखर उतरत उतरत अंगणात जायचे, गेटशी जायचे, स्टॉपवर जायचे. मग मध्यरात्रीनंतर दुपारचा डबा, रात्रीचा डबा आणि वर गूळ-खोबरं एकदम. सकाळी निलेश घाबरून साखर मोजायचा तेव्हा ती चढलेली. डॉक्टरांनी तो आकडा बघून डोस वाढवला. पुढच्या चतुर्थीला काका आणखी लांब गेले. यात प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं होतं.

"काका," मी म्हटलं, "तुमच्या वडिलांसारखं तुमचं झालेलं नाही. निदान ते बस स्टॉपचं तरी नाही. तुम्ही उपाशी होतात."

त्यांनी विचारलं, "नक्की?"

मला थाप मारता आली असती. थापा मी सुरेख मारते. पण म्हटलं, "नक्की डॉक्टर सांगतील. पण मी पैज लावायला तयार आहे."

त्यांनी दाराची चौकट धरली आणि हळूच उंबऱ्यावर बसले. चष्मा काढून बंडीला पुसत राहिले. चष्मा स्वच्छ होता.

"निलेशला का नाही सांगितलंत उपासाचं?"

"रूपालीने बंद केला असता. डायबेटिसला उपास नको, ती बरोबरच बोलते. आमचे भावजी गेले, आक्काचे मालक. तिकडची ती दुसरी लाट. दवाखान्यातून थेट नेलं, हिला तोंड दाखवलं नाही. मूलबाळ नाही. मला विमान नाही. ही बया जेवेना. चहा आणि खारी, चहा आणि खारी. रोज फोनवर सांगायचो, जेव. हो म्हणायची. मला काय कळत नाही? मीही निलेशला हो म्हणतोच की. मग एकदा म्हटलं, चल, दोघं मिळून संकष्टी धरू. देवाच्या नावाने उपास धरला की देवाच्या नावाने सोडावा लागतो. ताट वाढून माझ्यासमोर बसायचं. त्या दिवशी ती सगळा स्वयंपाक करते, स्मिता. उरलेलं दुसऱ्या दिवशीही खाते. महिन्यातले तेवढे दोन दिवस ती जेवते."

पॅकमध्ये असला खण नसतो.

डॉ. फर्नांडोंना अंगणातूनच फोन केला, स्पीकरवर. मी सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "ती साखरेची गोळी आजपासून बंद. पूर्ण. डोस मी वाढवला होता, आता मीच काढते. दुसरी, साखर अशी खाली न पाडणारी देईन. दोन-तीन दिवस साखर वेळोवेळी मोजायची, फक्त सकाळी नाही. शांत करणारी स्क्रिप्ट रद्द. काकांना क्लिनिकला आण, मी पीपीई घालून बघते. आणि उपास बंद."

"उपासाचं मी बघते," मी म्हटलं.

"म्हणजे काय करणार?"

"अजून माहीत नाही."

इथे मध्येच सांगते, हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने आपली गोळी बंद करू नये. डॉक्टरने बंद केली, मी नाही, आणि काकांनी तर नाहीच.

निलेशला काकांनी स्वतः सांगितलं. अंगणात, दोघांमध्ये तुळशीच्या कुंडीएवढं अंतर. निलेश ऐकत गेला आणि त्याचा चेहरा आधी सैल पडला, मग लाल झाला.

"बाबा, मी रोज विचारत होतो. जेवलात का. तुम्ही जेवलो म्हणत होतात."

"जेवत होतो की. नंतर."

"नंतर? मी तुम्हाला होममध्ये पाठवत होतो, बाबा."

"मला वाटलं, मी लायक आहे तिथे जायच्या."

निलेश अंगणातच खाली बसला. त्याची मीटिंग खिशात वाजत होती. त्याने ती उचलली नाही. म्हणाला, "रूपालीला मी सांगतो. आक्काला कोण सांगणार?"

काका म्हणाले, "आक्काला सांगायचं नाही. तिला कळलं की माझ्यापायी झालं म्हणेल, आणि पुन्हा चहा-खारी."

हा खरा तिढा होता. काकांनी उपास सोडला तर आक्का जेवणार नाही. धरला तर गोळी नसली तरी त्या वयात दिवसभर उपाशी राहून पुन्हा मध्यरात्री दोन डबे. मी सुचवलं, काकांनी इथला चंद्र बघून सोडावा. काका म्हणाले, तेव्हा कराडला ऊन असतं, आक्का काय उन्हात चंद्र बघणार? मी म्हटलं, मग इथे गुपचूप जेवा आणि तिथे तिच्यासमोर पुन्हा बसा. काका म्हणाले, "तिच्याशी खोटं नाही बोलणार." मी म्हटलं, मुलाशी बोललात.

तिढा सोडवला रूपालीने. तिचा फोन मला हॉस्पिटलमधून आला, चहाच्या सुट्टीत, मागे भांड्यांचा आवाज.

"स्मिता, मी रोज शेकडो पेशंटची ताटं लावते. कोणाला मीठ नाही, कोणाला पातळ, कोणाला हलाल. ताट परत आलं की न बघता सांगते कोण जेवला नाही. आणि माझ्या घरच्या डब्यांवर मी झाकण लावून विसरले."

"तू लपवून ठेवलेलं कसं बघणार होतीस?"

"ते राहू दे. माझी शिफ्ट सुटून मी घरी पोचते, अंघोळ करते, जेवायला बसते, तेव्हा आक्कांकडे चंद्र उगवायचीच वेळ असते. मी एकटीच जेवते, निलेश झोपलेला असतो. बाबांनी वेळेवर जेवून झोपावं. आक्कांसमोर मी बसते. चतुर्थीलाच कशाला, शिफ्ट असेल तेव्हा रोज बसते."

आक्काला अखेर त्याच रात्री सगळं सांगितलं, काका नको म्हणाले होते तरी, आणि तेही रूपालीनेच. मी तिथे नव्हते, तिने मला नंतर सांगितलं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे माझ्या घासासाठी त्यो तिकडं रस्त्यावर जाऊन उभा ऱ्हात हुता?" आणि पदर तोंडाला लावून स्क्रीनच्या बाहेर गेल्या. रूपाली रिकाम्या पंख्याकडे बघत बसून राहिली. बऱ्याच वेळाने आक्का परत आल्या आणि म्हणाल्या, त्याला सांग, त्याच्या वाटची संकष्टी मी धरते. तू काय जेवतीयास ते दाव.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. काका सकाळी जेवले, दुपारी जेवले, संध्याकाळी चिडून जेवले. साखर प्रत्येक वेळी ठीक. रात्री निलेश अंगणात खुर्ची टाकून बसला होता, विश्वास बसत नव्हता म्हणून. काका घोरत होते. असे घोरत होते म्हणे की कर्फ्यू मोडल्याबद्दल पोलीस यावेत, पण आले नाहीत.

पुढे डॉ. फर्नांडोंनी काकांची रीतसर तपासणी केली. स्मरणशक्तीची चाचणीही. सगळं छान आलं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं नाही आलं. थोडी गळती आहे, सुरुवात आहे, लक्ष ठेवायला हवं, असं त्या म्हणाल्या. बापासारखं होईल ही काकांची भीती अगदीच खोटी नव्हती, फक्त लवकर आली होती. पण जी गळती होती तिच्यासाठी कुलूप लागत नव्हतं. पॅक पुरत होता, आणि आता घरच्यांपैकी कोणीतरी मास्क घालून, खिडकी उघडी ठेवून, काका जेवेपर्यंत खोलीत समोर बसायचं होतं. रूपालीचा तसा हुकूम होता.

होममधून फोन आला तेव्हा निलेश दुकानात होता, पॅक न्यायला. बेड रिकामा झालाय, चोवीस तासांत कळवा. तो म्हणाला, कळवायचं कशाला, आत्ताच सांगतो. आणि सांगितलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "बेड रिकामा झाला म्हणजे कोणीतरी गेलं असेल ना?" मी म्हटलं, हो. मग त्याचा पॅक पिशवीत घालून दिला.

त्यानंतर पॅक देताना मी प्रत्येकाला एक जादा प्रश्न विचारते. गोळ्या घेता का, हे सगळेच विचारतात. मी विचारते, जेवता कधी, आणि कुठल्या दिवशी जेवत नाही? पंजाबी आज्या सांगतात, लेबनीज आजोबा सांगतात. निकला हे फार वेळखाऊ वाटायचं. एकदा वैतागून म्हणाला, हे तुमच्या इंडियन लोकांचं, आमच्यात असलं काही नसतं. मी म्हटलं, तुझ्या आईला फोन कर.

त्याने केला. ग्रीकमध्ये बरंच काही बोलला, मग बराच वेळ ऐकत राहिला. फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाला, "रविवारी चर्चची प्रार्थना संपेपर्यंत ती काही खात नाही. हल्ली टीव्हीवर बघते, तरी खात नाही."

"आणि साखरेची सकाळची गोळी?"

"ती घेते," निक म्हणाला. "तिचा पॅक काढ."